कप्प्याची कुळकथा

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तलवारी आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु ज्या स्वयंपाकघरात आपले निम्मे आयुष्य जाते त्यालाही इतिहास आहे, आणि त्यातल्या साध्या खणालाही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. अलीकडे आपल्या जिल्ह्यातही घरोघरी ओट्याखाली ओढायचे खण आले आहेत. सुतार आणि दुकानदार त्यांना 'ट्रॉली' म्हणतात. नवा खण पहिले आठ दिवस मोठा देखणा दिसतो. पुढे त्यात उलथने, झारा, सांडशी, किसणी, मेणबत्तीचे तुकडे, औषधाच्या गोळ्या आणि देवाच्या वाती यांचा असा काला होतो की, पाहुणे दारात आणि गाळणे सापडत नाही अशी गत होते. मग खणात कप्पे पाडून घ्यावेत असे प्रत्येकीच्या मनात येते.

या लेखाचा विषय तेच कप्पे होत. कप्पे पाडणे ही काही नवी टूम नव्हे. ती आपल्या आज्या-पणज्यांची विद्या आहे. ती त्यांच्याकडे कशी होती, आपल्या हातून कशी निसटली आणि परत कशी मिळवता येईल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उतरंड, बळद आणि पेव

मराठवाड्यातील जुन्या घरात वस्तू ठेवण्याचा पहिला नियम असा की, जी वस्तू रोज लागते ती हाताशी आणि जी वर्षाने लागते ती तळाशी. उतरंड हे याचे उत्तम उदाहरण. सर्वांत मोठे मडके खाली, त्यावर त्याहून लहान, असे करीत वर अगदी गाडगे. वरच्या गाडग्यात रोजचे मीठ किंवा डाळ; खालच्या मडक्यात पुढल्या पेरणीचे बियाणे, आणि घरच्या बाईने कोणाला न कळू देता बाजूला टाकलेले चार पैसे. तळाच्या मडक्याला हात घालायचा तर सारी उतरंड उतरवावी लागे. तेव्हा ती उतरंड वस्तू सांभाळी आणि मोहही आवरी.

धान्यासाठी कणगी असे. तुराट्या किंवा निर्गुडीच्या फोका विणून तिला शेणामातीने लिंपीत. ज्वारीत कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, अशी किडीवरची औषधे घरचीच. मोठ्या वाड्यांत बळद असे. भिंतीलगतच्या या बंद कोठीत माळवदावरच्या भोकातून धान्य ओतायचे आणि खालच्या लहान तोंडाने काढायचे. वरून नवे पडे आणि खालून जुने निघे, म्हणून धान्य पडून सडण्याचा प्रश्न बराचसा सुटे. याहून मोठा साठा जमिनीखालच्या पेवात. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली विषारी हवा आधी जाऊ द्यावी लागे. ही खबरदारी न घेतल्याने माणसे दगावल्याचे ठाऊक असल्यामुळे थोरली माणसे मुलांना पेवाच्या तोंडाशी फिरकू देत नसत.

धान्य काढण्याची मापेही अशीच एकात एक बसणारी. दोन चिपटी भरली की मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापे कोपऱ्यात एकीच्या पोटात एक घालून ठेवीत. मेट्रिक पद्धत १९५८ सालापासून टप्प्याटप्प्याने आली आणि त्यांचे राज्य संपले. परंतु दुपटीच्या हिशेबाने केलेली आणि ठेवायला एकाचीच जागा अडवणारी अशी भांडी आजच्या बाजारात शोधावी लागतात.

भिंतीच्या पोटातले घर

आपल्याकडची माळवदाची घरे दगडमातीची. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद. ही रुंदी वाया जात नसे. भिंतीतच दिव्यासाठी दिवळी, लहानसहान वस्तूंसाठी कोनाडा, आणि दोन झडपांचे फडताळ. दूधदुभत्यासाठी आढ्याला शिंके. भिंतीच्या या साठवणीमुळे मधली जमीन मोकळी राही आणि त्या मोकळ्या जमिनीवर बसून सारा स्वयंपाक होई. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, काठवट जमिनीवर. बसल्या जागेवरून हात जेथवर पोचे तेवढे स्वयंपाकघर.

खरे कप्पे मात्र याहून लहान वस्तूंत होते. तिखटमिठाचे पाळे आठवून पाहा. एकाच लाकडात कोरलेले चार-सहा खळगे आणि वर खुंटीवर फिरणारे झाकण. मीठ, तिखट, हळद, मोहरी, जिरे यांची जागा एकदा ठरली की ती सासूकडून सुनेकडे जशीच्या तशी येई. पानसुपारीची चंची म्हणजे कापडाचा कप्पेदार खणच. पान एका पुडात, सुपारी दुसऱ्यात, चुन्याची डबी तिसऱ्यात. फणेरपेटीत फणी, कुंकू, मेण आणि झाकणाला आरसा. पुढे पितळेचा मिसळणाचा डबा आला, मागून स्टीलचा आला, पण आतल्या वाट्यांची मांडणी तीच राहिली. 'खण' हा शब्दच पाहा. तो आपण घराच्या दोन खांबांमधल्या जागेलाही वापरतो, चोळीच्या कापडालाही वापरतो आणि मेजाच्या ओढायच्या कप्प्यालाही वापरतो. मोजून वेगळा केलेला भाग म्हणजे खण, अशी या शब्दाची चाल दिसते.

या वस्तू घडवणारा सुतार गावचा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर ही त्याची मुख्य कामे. त्यांतून वेळ काढून तो काठवट, पोळपाट, रवी, पाळे करून देई. काठवट केवढी हवी हे घरची बाई हात पसरून दाखवी. तिच्या घरात माणसे किती, भाकरी किती थापायच्या, तिचा हात केवढा, हे त्या मापात आपोआप येई. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा प्रश्न हिच्याभोवतीच फिरतो.

अंधारातला हात

जुन्या स्वयंपाकघराचे कौतुक करताना त्यातला धूर आणि अंधार विसरून चालणार नाही. चुलीच्या धुराने भिंती काळ्या, फडताळ काळे आणि बाईचे डोळे लाल. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. स्वयंपाकघर हा विद्वानांनी विचार करण्याजोगा विषय आहे हे आपल्या भागापुरते तरी तेव्हा प्रथम मान्य झाले असे म्हणता येईल. चूल मात्र पुष्कळ घरांत पुढेही कित्येक वर्षे धुमसतच राहिली.

अशा धुरात आणि पहाटेच्या अंधारात काम कसे चाले? हातामुळे. मीठ कोठे, काडेपेटी कोठे, उलथने कोठे हे डोळ्यांनी पाहावे लागत नसे; हात जाऊन वस्तू उचली. कप्प्याचे खरे मर्म हेच आहे. नीटनेटकेपणा हा त्याचा वरवरचा गुण. थकलेल्या, घाईच्या, अंधारातल्या हाताला वस्तू न शोधता मिळावी, हे त्याचे काम.

आजही हे पाहावयाचे असेल तर दूर जावयास नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर चढणारा त्यांचा संसार म्हणजे एखादी पत्र्याची पेटी, दोन-चार डबे, तवा, काठवट आणि पिठाची गोणी. फडाशेजारच्या कोपीत फळी नाही, खण नाही, कित्येकदा दिवाही नाही. तरी ती बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि उजाडण्याआधी फडावर पोचते. त्या एका पेटीत तिने वस्तू ज्या क्रमाने लावलेल्या असतात तो क्रम चुकला तर तिची पहाट चुकते. कप्प्यांचे शास्त्र कोणाकडून शिकावे असे विचारले, तर आपल्या शेजारच्या या भगिनींचे नाव आधी घ्यावे लागेल. आणि जिच्यापाशी ही विद्या आहे तिच्यापाशी ती पसरायला चार फूट ओटा नसावा, ही आपल्या जिल्ह्याची लाजही येथेच नोंदवली पाहिजे.

चूल उठून उभी राहिली

मग जुनी व्यवस्था मोडली कशी? एका कारणाने नव्हे. १९७२ च्या दुष्काळात कणग्या रिकाम्या झाल्या. दुकानातून मिळालेला लाल मिलो खाऊन दिवस काढल्याचे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. वर्षाचे धान्य घरात भरण्याऐवजी महिन्याचे आणण्याची सवय हळूहळू लागली. वनस्पती तुपाचे पिवळे डबे आणि रॉकेलचे चौकोनी डबे यांनी मडक्यांची जागा घेतली. कल्हई मागणारे पितळ मागे पडले आणि स्टील पुढे आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारी भागात भूकंप झाला. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली आणि रुंद भिंतीची साऱ्या मराठवाड्याने धास्ती घेतली. नवी घरे विटा-सिमेंटची. त्यांची भिंत नऊ इंचांची, आतली तर त्याहूनही कमी. नऊ इंचांच्या भिंतीत फडताळ कोठून मावणार? भिंतीच्या पोटातली साठवण बाहेर येऊन लोखंडी मांडणीवर उघडी बसली.

तिकडे गॅस आला. शेगडीला ओटा हवा, सिलिंडर ओट्याखाली. आपण बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिलो. पाठीला आणि गुडघ्यांना पुष्कळ आराम पडला, ही चांगलीच गोष्ट झाली. धूर गेल्यामुळे चुलीशेजारी लाकडी खण ठेवणे शक्य झाले आणि ओट्याखाली जागाही निर्माण झाली. तेव्हा खण हा गॅसच्या पाठोपाठ आलेला पाहुणा आहे.

हा पाहुणा आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी परदेशात नांदत होता. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी घरे बांधली जात होती. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईंनी केला. खोली जेमतेम साडेसहा चौरस मीटरची. बाईचे कष्ट किती पावलांत वाचतील याचा हिशेब मांडून त्यांनी प्रत्येक वस्तूला जागा दिली. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे खण ओळीने बसवले. प्रत्येकाला धरायला मूठ आणि ओतायला निमुळते तोंड. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठाला कीड लागत नाही. आपल्या कडुनिंबाच्या पाल्याचीच ही युरोपी बहीण! अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली आणि आजच्या तयार स्वयंपाकघरांची ती आजी मानली जातात.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. हा आराखडा करीपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता असे त्या बाईंनी पुढे प्रांजळपणे सांगितले. ते सुंदर खण लहान मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर आले, अशी तक्रार राहणाऱ्या बायकांनी केली. हिशेब पावलांचा झाला होता. पायांत घुटमळणारे मूल हिशेबात नव्हते. थोर कामालाही वापरणाऱ्या हाताची साक्ष लागते, हा धडा त्यातून घ्यावा.

माप कोणाचे?

आता आपल्या घरी येऊ. बाजारात खणात ठेवायचे प्लास्टिकचे किंवा स्टीलचे तयार कप्पे मिळतात. त्यांतले पुष्कळसे काटे, सुऱ्या आणि चमचे यांच्या लांबीचे असतात. काटा हा ज्यांच्या जेवणाचा मुख्य धनी, त्यांच्या घराचे ते माप. आपले घर भाकरीचे. आपल्याला उलथने, झारा, पळी, डाव, सांडशी, लाटणे, रवी, किसणी, सोलाणे, सोऱ्याच्या चकत्या आणि करंजीचे कातणे ठेवायचे असते. लांब वस्तू त्या तयार कप्प्यांत तिरप्या पडतात आणि खण अडतो. काठवट तर कोणत्याच खणात मावत नाही. तिला भिंतीला टेकून उभी राहण्याचा मान आजही द्यावाच लागतो!

पूर्वी सुतारापुढे हात पसरून माप दाखवणारी बाई आता या व्यवहारातून बाहेर पडली आहे. खणाचे माप कारखाना ठरवतो, ओट्याची उंची गवंडी ठरवतो, पैसे घरधनी ठरवतो. आणि दिवसातून पन्नास वेळा खण ओढणारीला विचारले जाते ते फक्त रंगाविषयी. निसटली ती विद्या येथे निसटली. ती परत घेण्यास मोठा खर्च लागत नाही. पुढील रीत अनेक घरांत सोयीची पडेल.

प्रथम खण पूर्ण रिकामा करावा आणि त्यातील वस्तूंचे तीन ढीग घालावेत : रोजच्या, आठवड्याच्या आणि सणावारीच्या. उतरंडीचाच नियम येथे लावायचा; रोजचे पुढे, सणावारीचे मागे. औषधे आणि काडेपेटी या खणातून कायमच्या हलवाव्यात.

मग खणाची आतली लांबी, रुंदी आणि उंची मोजावी. समजा, लांबी २० इंच, रुंदी १८ इंच आणि उंची ४ इंच आहे. आपले सर्वांत लांब उलथने मोजावे. ते १४ इंच भरले तर पुढचे कप्पे १५ इंचांचे धरावेत. पाव इंच जाडीचे प्लायवूड पुरते. लांबीच्या दिशेने तीन पट्ट्या उभ्या लावल्या की चार लांब कप्पे होतात आणि प्रत्येकाला सुमारे सव्वाचार इंच रुंदी मिळते. पुढून १५ इंचांवर एक पट्टी आडवी टाकली की मागे पावणेपाच इंच खोलीचे चार लहान कप्पे निघतात. सोऱ्याच्या चकत्या आणि कातणे यांची ती जागा. पट्ट्यांची उंची तीन इंच ठेवावी, म्हणजे बोटे आत जायला आणि खण मिटायला अडचण येत नाही.

पट्ट्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे एकीला वरून निम्मी आणि दुसरीला खालून निम्मी खाच पाडावी. दोन्ही एकमेकींत बसतात. खिळा लागत नाही, सरसही लागत नाही. सारा सांगाडा उचलून धुता येतो आणि उन्हात टाकता येतो. मात्र तो खणाच्या आतल्या मापापेक्षा सूतभर लहान असावा. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तंतोतंत बसवलेला सांगाडा मग निघता निघत नाही.

लाकूड कापण्याआधी एक परीक्षा अवश्य घ्यावी. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तसेच कप्पे करावेत आणि आठ दिवस वापरून पाहावेत. ज्या कप्प्यात हात आपोआप जातो तो बरोबर. जेथे प्रत्येक वेळी थांबून आठवावे लागते तो चुकला असे समजावे. शेवटी एकदा डोळे मिटून सांडशी काढून पाहावी. ती मिळाली तर सुताराला बोलवावे.

डब्यांच्या खणाविषयी आणखी एक हिशेब. चौकोनी खणात गोल डबे ओळीने लावले की मधल्या फटींत शंभरातील एकवीस भाग जागा वाया जाते. रॉकेलच्या चौकोनी डब्याचे घरोघरी एवढे लाड का झाले, याचे एक उत्तर यात आहे. डाळी-कडधान्यांना चौकोनी डबे घेतले तर त्याच खणात एखादी जादा डाळ बसते. गोल डबा धुवायला सोपा, हेही खरे. तेव्हा पीठ-तेलाला गोल आणि कोरड्या जिनसांना चौकोनी अशी वाटणी करावी.

हे सारे मोठ्या घरांचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले आहे आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरायची आहे. जागा जितकी लहान तितके कप्प्याचे मोल अधिक. तेथे खण नसला तर फळीवर ठेवलेल्या पेटीतही असेच पुठ्ठ्याचे कप्पे करता येतात आणि ती पेटी ऊसतोडीच्या गाडीतही जाऊ शकते.

आपल्या मंडळाने एखादी दुपार यासाठी ठेवावी असे सुचवावेसे वाटते. प्रत्येकीने आपल्या खणाचे माप आणि एक खोके आणावे. ज्यांची पेटी दरवर्षी फडावर जाते अशा भगिनींना त्या दिवशी शिकवायला बोलवावे, शिकायला नव्हे. पुढारी आणि शास्त्रज्ञ जगाच्या मोठ्या गोष्टी मोजोत. आपल्या हाताचे माप आपणच घेतले पाहिजे. ते दुसऱ्या कोणाला घेता येत नाही.